फारुखभाईंचं बॉनेट

ललितशेठांची लाल गाडी आमिरच्या दुकानात मधोमध उभी होती. हसीनाबी दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि गाडीकडे बघायचं टाळत होत्या. सकाळी आमिर त्यांना स्कूटरवर बसवून घेऊन आला होता. "शेठ म्हणतात, भाभींना बोलाव. फिल्म लावायच्या आधी त्यांनी गाडी एकदा बघावी," एवढंच तो म्हणाला होता.

गाडी दोन दारांची, बुटकी, परदेशी स्पोर्ट्स कार. बावीस वर्षांपूर्वी ललितशेठांनी ती मुंबईहून जुनी विकत आणली, तेव्हा ती चंदेरी होती. ते तेव्हा धुळ्याला धान्याची दलाली करत. हसीनाबींच्या यजमानांनी, फारुख पेंटरने, धुळ्यातल्या आपल्या अंगणात ती लाल केली. पुढे शेठांनी जळगावात दालमिल टाकली, पोरं मोठी झाली, घरात चार मोठ्या गाड्या आल्या. पण दर दसऱ्याला ते ही लाल गाडी स्वतः चालवत धुळ्याला न्यायचे आणि फारुखकडून पॉलिश करून घ्यायचे. चार वर्षांपूर्वी फारुख वारला आणि ते बंद झालं. हसीनाबी मुलाकडे जळगावला राहायला आल्या.

आमिरने रंगाचा धंदा केला नाही. हायवेवर त्याचं छोटं दुकान होतं. नव्या गाड्यांच्या रंगावर तो पारदर्शक फिल्म चढवायचा. खडी उडाली, काटेरी फांदी घासली, तरी आतल्या रंगाला टवका जात नाही.

"बठ्ठी गाडी झाकी टाक, सगळीच्या सगळी," ललितशेठ आमिरला म्हणाले. मागच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून ते काठी घेऊन चालत, पण आवाज अजून मिलमधला होता. "पाळधीपर्यंत गेलो तर दोन खडे बसले दारावर. बॉनेटवर बसला असता तर मी रडलो असतो."

"दारांना लावतो, शेठ. मागे लावतो. छताला लावतो," आमिर म्हणाला. त्याच्या हातात काडेपेटीएवढं यंत्र होतं. ते पत्र्यावर टेकवलं की रंगाची जाडी आकड्यात दिसते. "पण बॉनेटचं काम तसं नाही."

"काय झालं बॉनेटला?"

"हे बघा. दार. दोनशे वीस. दुसरं दार, दोनशे दहा. अब्बांनी खाली प्रायमर दिलाय, वर रंग, वर चमकीचा क्लिअर. आता बॉनेट." त्याने यंत्र चार ठिकाणी टेकवलं. "नव्वद. पंच्याऐंशी. पुन्हा नव्वद. याच्याखाली प्रायमर नाही, शेठ. नागड्या पत्र्यावर रंग मारलाय. दिसतो छान, पण धरून बसलेला नाही. फिल्म बसवताना एकदोनदा उचलावी लागते. उचलली की रंग तिच्याबरोबर येईल. आणि समजा नाही आला, तरी सातआठ वर्षांनी फिल्म पिवळी पडणार, ती काढताना नक्की येईल. त्यापेक्षा बॉनेट सोलू, प्रायमर मारू, पुन्हा रंगवू आणि मग फिल्म लावू."

ललितशेठांनी काठी जमिनीवर आपटली नाही, फक्त दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"तुना बापना रंगवर शंका करस का?" ते हळू म्हणाले. रागावले की त्यांच्या तोंडात अहिराणी जास्तच यायची. "आख्ख्या गाडीत त्या बॉनेटसारखं काम नाही. आरसा आहे आरसा. मी पुण्याच्या माणसाला दाखवलं, मुंबईच्या दाखवलं. सगळे विचारतात, कोणत्या कारखान्यात केलं. आणि प्लास्टिक चिकटवणारा तू मला सांगतो, सोला म्हणून?"

आमिरने यंत्र खिशात टाकलं आणि मान खाली घातली. चाळीस वर्षांचा माणूस, कानशिलावर केस पिकलेले, पण त्या क्षणी तो हसीनाबींना अठरा वर्षांचा दिसला.

कारण बॉनेट फारुखने रंगवलंच नव्हतं. ते हसीनाबींनी रंगवलं होतं.

लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या घरात पाणी पेपर, म्हणजे ओला पॉलिशपेपर, घासायचं काम त्यांचंच. पुट्टी भरायची, घासायची, धुवायची, पुन्हा घासायची. बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती, की पिठातल्या खड्यासारखा पत्र्यातला बारीक खड्डाही त्यांना हात फिरवताच कळायचा. फारुख फवाऱ्याची गन मारायचा तेव्हा त्या रंग गाळून द्यायच्या आणि त्याचा हात बघत राहायच्या. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी सगळी तयार होती, फक्त बॉनेट सोलून पाटावर ठेवलेलं होतं, आणि फारुख मलेरियाने फणफणलेला. प्रायमरचा डबा खरवडून संपला होता. शेठांना दसऱ्याला पूजेसाठी गाडी हवी होती. जवळच्या मिलमध्ये कापसाचं जिनिंग सुरू झालेलं, दिवस वर आला की कापसाचे तंतू हवेत उडायचे आणि ओल्या रंगावर बसायचे. म्हणून हसीनाबी पहाटेची फजरची नमाज पढून अंगणात आल्या. जमिनीवर पाणी मारलं, ओढणी तोंडाला बांधली आणि गन उचलली. एकदा रंग बसला की आत काय आहे ते कोण बघतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. एक हात, दुसरा हात, वर क्लिअर. इतका सरळ हात फारुखचाही कधी पडला नव्हता. ते त्यांना तेव्हाच कळलं होतं.

दसऱ्याला ललितशेठ पेढे घेऊन आले आणि बॉनेटसमोर उभे राहिले ते हलेनात. फारुख भिंतीला टेकून उभा होता. त्याने एकदा हसीनाबींकडे बघितलं. हसीनाबींनी ओढणी सारखी केली. शेठ गेल्यावर तो म्हणाला, "फारुखची बायको गन चालवते असं लोकांना कळलं, तर कोण गाडी आणेल?" त्यात खोटं काही नव्हतं. पण हळूहळू त्याला ते काम स्वतःचंच वाटायला लागलं, आणि मग तो ते आमिरला दाखवायला लागला.

"भाभी," ललितशेठ वळून म्हणाले, "तुम्ही सांगा. फारुखभाईंची वस्तू आहे. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही."

हसीनाबींना ठाऊक होतं, की आपण फक्त मान हलवायची आहे. राहू द्या, ललितभाऊ, त्यांच्या हातचं आहे, एवढं म्हटलं की बॉनेट वाचणार होतं. हात कोणाचा, हे कुणी विचारणार नव्हतं. खरं सांगितलं तर शेठांना त्याची काय किंमत? उद्याच सोलतील. जन्मात एकदाच गन हातात धरली, त्याची तेवढीच खूण उरली होती.

पण आमिर अजून खाली बघत होता.

"आमिर खरं बोलतो," त्या म्हणाल्या. "त्याच्याखाली प्रायमर नाही. डबा संपला होता. ते यांनी नाही केलं, ललितभाऊ. ते आजारी होते. मी केलं."

ललितशेठांचा चेहरा मऊ झाला. ते काठी टेकत जवळ आले.

"भाभी, भाभी," ते म्हणाले. "पोराची बाजू घ्यायला नवऱ्याची चूक अंगावर घेता?"

"चूक नाही घेत. काम माझं आहे म्हणते." त्या उठल्या आणि बॉनेटच्या डाव्या कडेला बोट ठेवलं. "इथे बघा. कापसाचा धागा आहे क्लिअरच्या आत. पापणीच्या केसाएवढा. काढायला गेले होते, मग म्हटलं, काढला तर डाग पडेल."

शेठांनी चष्मा वर करून बघितलं. धागा होता. त्यांनी मान हलवली.

"फारुखभाईंनी दाखवला असेल तुम्हाला. ते मला म्हणायचे, आमची हसीना पाणी पेपर घासते म्हणून माझा रंग उठतो. तुमचं नाव ते घेतच होते. पण गन धरणं वेगळं." ते हसले, त्यात चेष्टा नव्हती. "असू द्या. तुमचं मन मोठं."

जे जे हसीनाबी सांगू शकत होत्या, ते नवऱ्याजवळ बसून त्यांनी बघितलेलं असू शकत होतं.

ललितशेठ आमिरकडे वळले. "सोलायचं नाही. प्रायमर असो, नसो. लावायची तर तशीच लाव. सात वर्षांनी निघेल म्हणतोस ना? सात वर्षं मला कोण देतो? आणि भीती वाटत असेल तर बॉनेट सोडून दे, खडी जे करेल ते करेल. आता तुझं तू ठरव. मला डॉक्टरकडे जायचंय, दुपारी फोन करतो."

ड्रायव्हर त्यांना घेऊन गेला. आमिरने शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे धूळ येणार नाही. मग बॉनेटजवळ येऊन धाग्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"मी पहिलं दार केलं होतं," तो म्हणाला. "आठवतं?"

"काळ्या जीपचं."

"अब्बांनी मला हात धरून या गाडीपाशी आणलं. दसऱ्याचा दिवस. हे बॉनेट दाखवलं. म्हणाले, हा हात बघ आणि तुझा हात बघ. शेठ होते, दोन गिऱ्हाईकं होती. मग मला ते दार घासून काढायला लावलं. पुढे पाच वर्षं दर दसऱ्याला तेच."

"हो."

"तू दारात उभी होतीस."

"होते."

"पाचही वर्षं."

"त्यांना एकदा म्हटलं होतं मी. पोराला याच्याशी नका मोजू. ते म्हणाले, काम चांगलं आहे ना, मग."

"मला का नाही म्हणालीस?"

हसीनाबींकडे याचं उत्तर होतं, खूप उत्तरं होती. घर चालत होतं. त्यांचं नाव होतं. तू लहान होतास, कुठेतरी बोलून गेला असतास. पण आमिरने थांबून वाट बघितली नाही.

त्याने बॉनेट धुतलं, पुसलं, पुन्हा पुसलं. साबणाचं पाणी फवारलं. फिल्मचा मोठा तुकडा दोन्ही हातांत ताणून धरला आणि एका दमात खाली सोडला. एरवी तो फिल्म उचलायचा, सरकवायचा, पुन्हा बसवायचा. या वेळी एकदाही उचलली नाही. रबराच्या पट्टीने मधून कडेला पाणी काढत गेला, इतक्या हलक्या हाताने, की खालच्या रंगाला आपल्यावर काही चाललंय हे कळूही नये. धाग्यावरून पट्टी नेताना त्याने वेग आणखी कमी केला. हसीनाबी बघत होत्या. हात सरळ होता. खांद्यातून निघून मनगटात कुठे न अडकणारा. स्वतःचा सोडला तर आयुष्यात असा हात त्यांनी दुसरा बघितला नव्हता, आणि तो इतकी वर्षं त्यांच्याच घरात जेवत होता.

कडा आत वळवल्यावर त्याने कापड खांद्यावर टाकलं. बॉनेटवर काही आहे असं दिसतसुद्धा नव्हतं.

"छान बसली," हसीनाबी म्हणाल्या.

आमिर औजारं गोळा करत राहिला. फोन वाजला तेव्हा त्याने ओले हात पँटला पुसले.

"हो शेठ. बसली. नाही, उचलावी नाही लागली." तो बाहेरच्या उजेडाकडे बघत होता. "नाही हो. अम्मीचं वय झालंय, ती बोलते काहीतरी. अब्बांच्या बॉनेटला काही झालं नाही."

हसीनाबी खुर्चीवरून उठल्या आणि चपला शोधू लागल्या.