गंधारचा कान

गंधारने सासूबाईंच्या हातावर दात उमटवले आणि आमच्या घरातलं त्याचं दाणापाणी संपलं. नवऱ्याने त्याच संध्याकाळी गोदामाच्या राखणदाराला फोन केला. त्या माणसाला साखळीला बांधायला दांडगा कुत्रा हवाच होता. रविवारी येऊन घेऊन जातो म्हणाला. म्हणजे माझ्याकडे चार दिवस होते.

"आधी डॉक्टरला दाखवू," मी म्हटलं. "काहीतरी दुखत असेल त्याचं."

"दुखतंय कसलं? मस्ती आलीय अंगात," नवरा म्हणाला. "दाखव. सगळं ठीक आहे म्हणाला, तर रविवार पक्का."

गंधार आणि मिरी एकाच वेताचे, सात वर्षांचे. तो पांढराशुभ्र, एक डोळा निळा. ती काळी, बुटकी. दोघं कधी एकमेकांना सोडून राहिले नाहीत. गेल्या तीन महिन्यांत मात्र गंधारने ताळ सोडला होता. हाक मारली तर ढिम्म हलायचा नाही. "बहिरा झालास का रे?" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहा वेळा व्हायचं, तेही ओरडून, कारण आमच्याकडे हळू बोलायची पद्धतच नाही. मी तर दोनदा वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या पाठीत घातली होती. हे आता लिहितानाही मला माझीच चीड येते.

मी पियानो शिकवते. कुणाचा सूर केसभर ढळला तरी माझ्या कानाला कळतं, आणि त्याचा मला गर्व आहे. पिल्लू असल्यापासून गंधार शिकवणी चालू झाली की पियानोच्या लाकडाला बरगड्या टेकून पडायचा. "याला गाण्याचा कान आहे," असं मी येईल त्याला सांगायचे. नाव त्यावरूनच ठेवलं.

आमचा आधीचा डॉक्टर गोडबोल्या होता. दारातच "या या, राजाराणी आले!" म्हणायचा, दोघांना एकदम टेबलावर घ्यायचा, दोघांना बिस्किटं, दोघांना सुया, आणि "झकास जोडी आहे!" म्हणत आमची बोळवण. सात वर्षं मी त्याच्यावर खूश होते. चावण्याचं सांगितलं तर म्हणाला, "वय झालं की स्वभाव बदलतो, सोडून द्या." सोडून द्या! याच दोन शब्दांची नवरा वाट बघत होता.

कुत्र्यांचे केस कापणाऱ्या बाईकडे मी तणतणत गेले. तिच्या हाताखालून शहरातली निम्मी कुत्री जातात. "डॉक्टर गोड बोलतो का ते बघू नका," ती म्हणाली. "हात लावतो का ते बघा. बाजाराच्या मागे एक बाई आहे. तोंडाची फटकळ, पण हात लावते."

फटकळ हा शब्द कमीच पडला. दवाखान्याच्या दारावर पाटी होती: एका वेळी एकच जनावर. आम्ही दोघांना घेऊन आत शिरलो तशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक बाहेर."

"अहो, ते वेगळे राहत नाहीत," मी म्हटलं.

"म्हणूनच बाहेर."

माझा पारा चढला. पण रविवार डोळ्यांसमोर होता, म्हणून तोंड मिटून घेतलं. नवरा मिरीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसला.

बाई टेबलाकडे गेल्याच नाहीत. जमिनीवर मांडी घालून बसल्या. गंधारच्या हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, कानात दिवा घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याला सोडून दिलं. तो कपाटाखालची फट हुंगायला लागला.

"हाक मारा."

"गंधार!" मी ओरडले. तो हुंगतच राहिला. "बघा! हा असा हट्टी."

बाईंनी एक स्टीलचं भांडं उचललं, त्याच्या मागे जाऊन हवेतच धरलं आणि चमच्याने असं काही बडवलं की माझ्या कानठळ्या बसल्या. बाहेर मिरी भुंकली. नवऱ्याने दार ढकलून आत डोकं घातलं. "काय झालं?"

गंधारची शेपटी आरामात हलत होती. तो अजून कपाटच हुंगत होता.

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. मी भिंतीला टेकले.

"ऐकू येत नाही याला," बाई म्हणाल्या. "पक्की तपासणी करून घेऊच, पण पांढरा रंग, निळा डोळा, कान आतून स्वच्छ. अशी कुत्री कधीकधी बहिरीच जन्मतात. यालाही जन्मापासूनच असावं."

"शक्यच नाही!" मी जवळजवळ किंचाळले. "सात वर्षं आमच्या घरात आहे. हाक मारली की यायचा!"

"कोण आधी उठायचं?"

"ती," मी दाराबाहेर बोट दाखवलं. मिरी. नेहमी मिरी उठायची, त्याच्या खांद्याला नाकाने ढोसायची, आणि मग दोघं धावत यायचे. आम्ही म्हणायचो, किती प्रेम आहे बघा भावंडांचं.

"आणि पियानो? शिकवणी चालू झाली की त्याला टेकून पडतो हा!" मी म्हटलं.

"लाकूड थरथरतं. त्याला ते अंगाला जाणवतं."

"आईला चावला तो," नवरा म्हणाला. त्याचा आवाज मात्र उतरला होता.

"झोपेत मागून हात लावला असेल. तुम्हीसुद्धा दचकला असता. हे कधीपासून चाललंय?"

"तीन महिने."

"मग आता दुसरीला आणा."

गंधारला बाहेर नेलं, मिरीला आत. बाईंनी तिचा मागचा डावा पाय हळूच मागे ओढला. मिरी कळवळली आणि तिने बाईंचा हात चाटला.

"खुब्यात दुखतंय हिच्या. तीन महिने तरी. हिला स्वतःलाच उठवत नाही, म्हणून ही त्याला सांगायला जात नाही. हिच्या दुखण्याचा मार त्याने खाल्लाय."

मार हा शब्द त्या सहज बोलल्या. माझ्या वर्तमानपत्राबद्दल त्यांना काय माहीत? मला रडू फुटलं, आणि ते मी लपवलंही नाही.

"औषधाने बरं वाटेल हिला," बाई म्हणाल्या. "त्याला मात्र तुम्हीच समजून घ्यायचं. जवळ जाताना पाय आपटत जा."

नवऱ्याने दवाखान्याच्या पायरीवरूनच राखणदाराला नाही म्हणून सांगितलं.

घरी सासूबाई हाताला पट्टी बांधून बसल्या होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांचा आ वासलेला तसाच राहिला.

"म्हणजे सात वर्षं मी शिव्या घालतेय," शेवटी त्या म्हणाल्या, "आणि मेल्याला त्यातली एकही पोचली नाही?"

आम्ही हसलो. मग हसू थांबलं, कारण तिघांच्याही मनात एकच आलं असणार. शिव्या पोचल्या नव्हत्या, तसं नावही पोचलं नव्हतं. आठ दिवस भांडून ठेवलेलं नाव.

गंधार पलीकडच्या खोलीत पाठ करून झोपला होता. उंबऱ्याशी मिरी पडली होती, औषधाने गुंगलेली. मी पियानोशी बसले आणि डावीकडची शेवटची पट्टी जोरात दाबली, पुन्हा दाबली. लाकडी जमीन घुमली. मिरीने डोळा किलकिला करून त्याच्याकडे पाहिलं आणि उठायला म्हणून पुढचे पाय टेकवले.

तेवढ्यात गंधार तिला ओलांडून आला आणि माझ्या पायाशी, पियानोला बरगड्या टेकून बसला. मिरी क्षणभर बघत राहिली. मग तिने मान खाली टाकली आणि झोपून गेली.