निऱ्या नसलेलं आतडं

गुरुवारी सकाळी उंब्रजच्या एसटी स्टँडवर उतरणाऱ्याला वाट विचारावी लागत नसे. सगळी गर्दी तारळी नदीच्या काठावरच्या चिंचेकडं चाललेली असायची, आणि निम्मी माणसं पोटावर हात धरून. चिंचेखाली नाथाजी महाराज बसत. महाराज माणसाच्या पोटातून खराब आतडं ओढून काढत. चाकू नाही, भूल नाही, टाका नाही. नुसत्या हातानं.

१९७४ सालचा तो उन्हाळा. त्या गुरुवारी बाकड्यावर मनुबाई झोपली होती आणि तिचं डोकं धरून तिचा नवरा उभा होता. सुभेदार लालासाहेब. फौजेतून पेन्शनीत येऊन दोन वर्षं झाली होती. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि मिशीला त्याहून जास्त. पण गेले सहा महिने बायको जेवली की पोट धरून गडाबडा लोळायची, तेव्हा त्या मिशीचा काही उपयोग होत नव्हता. अंगारे झाले, काढे झाले. आता महाराज.

"डाक्टर काय करतो?" महाराजांनी गर्दीला विचारलं.

"कापतो!"

"आन् नाथ?"

"उपटतो!"

"टाका?"

"न्हाई!"

"पट्टी?"

"न्हाई!"

"मग बोला, ॐ आंत्राय स्वाहा!"

गर्दी बोलली. महाराजांचा चेला आकाराम पुढं आला. त्यानं मनुबाईच्या पोटाला हळद फासली, वर ओलं फडकं अंथरलं आणि तांब्यातलं गंगाजळ शिंपडलं. महाराजांनी डोळे मिटले, फडक्याखाली हात घातला आणि बोटं पोटात रुतवली. वरून बघणाऱ्यांना हात पेरांपर्यंत आत गेलेला दिसला. कडेनं लालभडक रक्त ओघळलं. बायकांनी तोंडाला पदर लावला. मग महाराजांनी दुसऱ्या हातानं फडक्याखालून एक करडं, ओलं, लांबच लांब आतडं बाहेर ओढायला सुरुवात केली. विहिरीतून दोर ओढावा तसं.

"बघा! शेजारणीनं घातलेली गाठ! जळत्यात लोक सुभेदारावर!"

आकारामनं आतडं काठीवर गुंडाळलं, गाडग्यात टाकलं आणि गाडगं नदीच्या धारेत सोडून दिलं. करणीचं आतडं होतं. हात लावला तर लावणाऱ्याच्या पोटात शिरायचं, म्हणून कुणी हात लावत नसे. फडकं काढलं तर मनुबाईच्या पोटावर ओरखडासुद्धा नव्हता.

घरी जाताना मनुबाई म्हणाली, "आवं, मला तर नुसतं गार लागलं."

"मंत्रानं भूल दिली आसंल," लालासाहेब म्हणाले. त्यांना तसंच मानायचं होतं.

आणि नवल म्हणजे गुण आला. महाराजांनी आधीचे काही दिवस आणि नंतरचे काही आठवडे नुसती आंबील आणि डाळीचं पाणी सांगितलं होतं. मनुबाईचं पोट दुखायचं थांबलं. ती ओसरीवर बसून बोलायला लागली, शेजारच्या बनुबाईच्या चुका काढायला लागली. लालासाहेबांच्या डोळ्यात पाणी आलं. पुढच्या गुरुवारी महाराजांनी त्यांच्यासाठी बाकड्याशेजारी खुर्चीच मांडली. "फौजेचा सुभेदार खोटं बोलंल व्हय?" महाराज विचारत. गर्दी म्हणे, न्हाई. लालासाहेब मान हलवत. त्यांच्यामुळं गर्दी दुप्पट झाली. उंब्रजचा कृष्णात तर दर गुरुवारी झोपायला येई. त्याच्या पोटातून एव्हाना इतकं आतडं निघालं होतं की त्यानं बैलजोडी बांधता आली असती. तरी तो दोन्ही वेळा पिठलं-भाकरी चापत होता. ह्याचं आश्चर्य कुणालाच वाटलं नाही, कारण सगळी आश्चर्यं महाराजांसाठी राखून ठेवलेली होती.

मग अक्षय तृतीया आली. मनुबाईनं पुरणपोळी खाल्ली, दुसऱ्या दिवशी भाकरी खाल्ली, आणि दुपारपासून पोट नगाऱ्यासारखं फुगलं. उलट्या सुरू झाल्या. लालासाहेब पळत चिंचेखाली गेले.

"गाठी लय हायत," महाराज म्हणाले. "सात गुरुवार लागतील. आन् एक ध्यानात ठिवा. ह्या पोटाला लोखंड लागू देऊ नका. लोखंड लागलं की देवी खवळंल, बाई डाक्टरच्या टेबलावरच जाईल."

हे मनुबाईला सांगितलं तेव्हा तिनं ते काळजावर कोरून ठेवलं. पण उलट्या थांबेनात. बुधवारी लालासाहेब निदान उलटीची गोळी मागावी म्हणून सरकारी दवाखान्यात गेले. तिथं शरयू लिमये नावाची सांगलीची तरुण डॉक्टरीण वर्षभरापूर्वी आली होती. गोळी हातात द्यायच्या ऐवजी ती चपला घालून त्यांच्याबरोबर निघाली.

मनुबाई वाळून गेली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावरचा पदर बाजूला केला, पण हात लावला नाही. नुसत्या बघत बसल्या.

"सुभेदार, इकडं या. बघा."

कातडीखाली काहीतरी उठलं. बोटभर जाडीचा एक उंचवटा बेंबीपासून सरकत उजवीकडं खाली गेला, तिथं अडला, गुडगुड असा आवाज झाला आणि मनुबाई कळवळली. जरा वेळानं पुन्हा तसंच.

लालासाहेब भिंतीला धरून खाली बसले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, म्हातारा घाबरला. पण ते घाबरले नव्हते. त्यांना जोतिबा आठवला होता.

पासष्टच्या लढाईत त्यांच्या शेजारी जोतिबा नावाचा तासगावकडचा जवान पडला होता. तोफगोळ्याच्या तुकड्यानं पोट फाटलं होतं आणि आतडी बाहेर आली होती. लालासाहेबांनी आपला साफा पाण्यात भिजवून त्यावर दाबून धरला होता, गाडी येईपर्यंत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगत नसत.

"बाई, ते आसंच हालत हुतं," ते म्हणाले. "जोतिबा माझ्याशी बोलत हुता, पानी मागत हुता, आन् माझ्या हाताखाली ते आपलं आपलं हालत हुतं. गांडुळागत."

"हालणारच. आतड्याचं कामच ते. खाल्लेलं पुढं ढकलत न्यायचं."

"महाराजांनी काढलेलं हालत न्हवतं." लालासाहेबांनी आपले दोन्ही तळहात बघितले. मग हळू म्हणाले, "आन् जोतिबाचं आतडं मोकळं न्हवतं. त्याला मागनं एक पडदा हुता. चरबीचा, लाल शिरांचा. झालरीगत. मी वर उचलाय लागलो तर तो पडदा आत वडून धरत हुता."

डॉक्टरीणबाई सरळ बसल्या. "सुभेदार, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय?"

"हातांनी."

"मग ऐका. मनुबाई, तुम्हीपण ऐका. तुम्ही नऊवारी नेसता. निऱ्या कुठं खोवता? कमरेपाशी, वीतभर जागेत. पण त्याच निऱ्या खाली सोडल्या की केवढा घेर होतो? लहान आतडं तसंच आहे. सोडवून मोजलं तर वीस फुटांच्या आसपास भरतं, पण ज्या पडद्यानं ते पाठीच्या कण्यापाशी धरलेलं असतं, तो पडदा तिथं वीतभर जागेतच खोवलेला असतो. त्याच पडद्यातून आतड्याला रक्त येतं, आणि अन्नाचा कस रक्तात जातो तोही तिथूनच. कापल्याशिवाय आणि एकेक शीर बांधल्याशिवाय तिथलं वीतभर आतडंही कुणाला काढता येत नाही. नुसतं ओढून निऱ्यांमधला एकच पदर दोरासारखा निघेल का?"

"मग मला बरं कशानं वाटलं?" मनुबाईनं क्षीण आवाजात विचारलं. प्रश्न रास्त होता.

"आंबिलीनं. तुमच्या लहान आतड्याच्या शेवटाला, जिथं ते मोठ्या आतड्याला मिळतं, तिथं वाट अरुंद झाली आहे. बहुतेक क्षयानं. क्षय फक्त छातीचा नसतो. पातळ असलं की त्या वाटेनं सरकतं, भाकरी अडकते. महाराजांनी तुमची भाकरी बंद केली, एवढाच उपचार. पण आता पातळही जाईना. वाट पुरती बंद झाली तर आतडं फुटेल. मिरजेला जाऊन ऑपरेशन करायला हवं. लगेच."

"न्हाई," मनुबाई म्हणाली. "लोखंड लावायचं न्हाई. उद्या गुरुवार हाय. उद्या महाराज ऱ्हायलेलं काढत्यात. तुमीच न्हेलंत मला तितं," ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "आता तुमीच नगं म्हन्ता?"

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. एकदा चिंचेच्या दिशेनं बघितलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी जीप सांगा, बाई. चिंचंपाशी उभी करा. आदी महाराज, मग मिरज. मनू, तू जीपमदनं बघ. उद्या तुज्या आदी मी झोपतो."

सकाळी डॉक्टरीणबाई मनुबाईला जीपमधून चिंचेपाशी घेऊन आल्या. महाराजांना आनंद झाला. सुभेदार स्वतः झोपणार म्हणजे पंचक्रोशीत डंका.

"सुभेदारांच्या पोटात बी गाठ हाय!" त्यांनी जाहीर केलं. "मला कवाच दिसली हुती!"

डाक्टर कापतो, नाथ उपटतो, सगळं यथासांग झालं. हळद लागली, फडकं आलं, गंगाजळ शिंपडलं, महाराजांची बोटं रुतली. लालासाहेबांना गार लागलं. बाकी काही नाही. बोटं आत गेली नव्हती, मूठ मिटून तिची पेरं पोटावर दाबली होती, हे त्यांना पोटाकडून कळत होतं. रक्त ओघळलं. आतडं निघालं. एक हात, दीड हात. एक टोक महाराजांच्या वर उचललेल्या डाव्या हातात, दुसरं पोटावरच्या उजव्या मुठीत.

आणि लालासाहेब उठले.

अंगावरचं फडकं बाजूला सारून ते बाकड्यावरून खाली उतरले आणि चार पावलं चालून गर्दीसमोर उभे राहिले. आतडं आलं नाही. ते महाराजांजवळच राहिलं.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली. महाराज दोन्ही हातांत आतडं ताणून उभे होते, आणि ज्या पोटातून ते निघत होतं ते पोट पलीकडं मिशीला पीळ देत होतं.

"आवं, महाराज," लालासाहेब म्हणाले, "माजं आतडं ऱ्हायलं की तुमच्याकडं."

"अविश्वास!" महाराज गरजले. "अविश्वासानं मंत्र तुटला!"

"मंत्र तुटू दे. आतडं कुटं तुटलं? त्या टोकाला मी असाया पायजे हुतो."

पहिली बनुबाई हसली. मग कृष्णात हसला, आणि मग आपल्या पोटाकडं बघून थांबला.

आकाराम गाडगं घेऊन नदीकडं सरकत होता. त्याला चौघांनी धरलं. लालासाहेबांनी महाराजांच्या हातून आतडं घेतलं आणि सगळ्यांना दाखवलं. दोन्हीकडून साफ, मागं पडदा नाही, शिरा नाहीत, वास नाही. "मीठ लावलंय ह्याला," बनुबाईनं बोट लावून चाटून सांगितलं. बकऱ्याचं आतडं होतं, धुऊन, खरवडून, खारवलेलं. तसं केलं की त्याचा पातळ पापुद्रा उरतो आणि तो गुंडाळला तर मुठीत मावतो. ओल्या फडक्याच्या घडीत तशाच आणखी दोन गुंडाळ्या निघाल्या, पुढच्या रोग्यांसाठी.

"आन् रगात?" कुणीतरी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी आपल्या तळहातावर हळद चोळली आणि आकारामच्या तांब्यातलं गंगाजळ वर ओतलं. हात लाल झाला.

"आगं बया, कुक्कू!" बायका ओरडल्या. हळदीला चुन्याचं पाणी लागलं की ती लाल होते, हे त्यांच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. फक्त पोटावर कुंकू बघायची सवय नव्हती.

एक म्हातारा तरी अडून बसला. "मला गुण आलाय त्येचं काय?"

"पुष्कळ पोटदुख्या आपोआप थांबतात, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ज्यांच्या थांबल्या ते इथं सांगायला येतात. ज्यांच्या थांबल्या नाहीत, ते कुठं आहेत हे कुणी विचारलंय?"

म्हाताऱ्यानं विचारलं नव्हतं. कुणीच नव्हतं. लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. तेवढ्यात जीपमधून मनुबाईचा आवाज आला. "आवं, चला की मिरजंला. हितं काय न्हाई."

मिरजेला तिचं पोट उघडलं. अरुंद झालेला, जाड पडलेला वीतभर तुकडा कापून दोन चांगली टोकं एकमेकांना शिवली. बाहेर बसलेले लालासाहेब पासष्टनंतर पहिल्यांदाच जोतिबाबद्दल पुरतं बोलले. शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला त्यांनी सगळं सांगितलं. जोतिबाचंही आतडं असंच कापून शिवलं होतं, आणि तो आता तासगावला द्राक्षं लावतो, हेही सांगितलं. आत मनुबाई टेबलावर दगावली नाही. देवी खवळली नाही. पुढं दीड वर्ष इंजेक्शनं आणि गोळ्या चालल्या. मनुबाईनं एक गोळी चुकवली नाही, आणि भाकरी खाऊ लागली.

नाथाजी महाराजांना पोलिसांनी ताकीद दिली. ती घेऊन ते जतच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या कडेला गेले आणि तिथं आतड्यांऐवजी मूतखडे काढू लागले. बातमी उंब्रजला आली तेव्हा लालासाहेबांनी पिशवी भरली. मनुबाई म्हणाली, "मी बी येते."

तिथंही झाड होतं, फडकं होतं, गर्दी होती. लालासाहेब पुरुषांत उभे राहून बोलू लागले, पण लोक महाराजांकडंच बघत होते. तेव्हा मनुबाई बायकांच्या घोळक्यात गेली. तिनं चोळीखालचा पदर सरकवला आणि बेंबीखालचा लांब वण दाखवला.

"ह्यो बघा," ती म्हणाली. "पोटातनं खरंच काय काढलं की वण ऱ्हातो. ह्या बाबानं माज्या पोटातनं दोन हात आतडं काडलं, तर वरखडा बी न्हवता, आन् थोड्याच दिसांनी मी मराय टेकले. डाक्टरनं वीतभर काडलं, आन् मी तुमच्या म्होरं उबी हाय. देव माना, म्या बी मानते. पर पोट दुकलं तर डाक्टरकडं जावा. आन् कोन चमत्कार दाकवाय लागलं तर हात लावून बघा. हात लावू देत न्हाई, तितनं उटा."

कानडी बोलणाऱ्या बायकांना ते एकीनं समजावून सांगितलं. त्यांच्यातली एक तरुण बाई, कडेवर पोर घेतलेली, पुढं झाली. तिनं वाकून मनुबाईच्या वणावर बोट फिरवून बघितलं. मग ती रांगेतून बाहेर पडली आणि जतच्या दवाखान्याला जाणारी गाडी कुठून सुटते ते विचारू लागली.