चार दिवस बंद ठेवलेली गोळी

चाळीस वर्षं नळजोडणीत घालवलेल्या माणसाला कुणी ‘प्रेशर’ शिकवायला जाऊ नये, असं मिस्त्रींचं ठाम मत होतं. पण त्यांच्याच अंगातलं प्रेशर तीन-तीन गोळ्यांना जुमानेना, तेव्हा ते मुकाट्याने एका नव्या औषधाच्या चाचणीत दाखल झाले. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक इवलीशी ग्रंथी असते. तिच्यातून निघणारं एक संप्रेरक मूत्रपिंडाला सांगतं, मीठ धरून ठेव. मिठापाठोपाठ पाणीही राहतं आणि रक्तवाहिन्यांत दाब चढतो. ही गोळी ते संप्रेरक तयारच होऊ देत नाही.

“म्हणजे पाइपांना हात न लावता तुंबलेलं पाणी सोडून देते!” मिस्त्री म्हणाले. डॉक्टरबाईंनी हसून मान डोलावली आणि तेव्हापासून स्वारी हवेतच होती.

दीड महिन्यात एकशे ऐंशीचा आकडा एकशे तीसवर आला. इथे धंद्याची खोड आडवी आली. दुरुस्ती पक्की झाली की नाही, हे नळाची चावी फिरवून बघायचंच, हा त्यांचा जन्माचा नियम. कुणाला न सांगता त्यांनी चार दिवस गोळी बंद ठेवली. पाचव्या सकाळी दाब मोजायला मिळालेल्या यंत्राने एकशे बहात्तर दाखवले.

रोजचा आकडा चाचणीच्या वहीत लिहायचा असे. मिस्त्रींनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि बायकोला हाक मारली.

“अहो, एकशे बत्तीस लिहा आणि मोकळे व्हा,” सगळं ऐकून बायको म्हणाली. “चाचणीतून काढलं तर पुन्हा ये रे माझ्या मागल्या!”

भीती त्यांनाही होतीच. पण गळक्या सांध्यावर रंग फासून त्यांनी आजवर एकही काम सोपवलं नव्हतं. त्यांनी खरा आकडा लिहिला आणि खाली लिहिलं, ‘गोळी चार दिवस घेतली नाही. चूक माझी.’

तपासणीला दोघंही गेली. डॉक्टरबाईंनी आधी मिस्त्रींना चांगलंच फैलावर घेतलं. मग घरी दिलेलं यंत्र संगणकाला जोडलं.

“याच्या पोटात सगळे आकडे साठतात,” त्या म्हणाल्या. “बहुतेकांच्या वहीत नि यात फरक निघतो. तुमचा एकही नाही. राहा तुम्ही चाचणीत. अशा वहीवरच औषधाची खरी पारख होते.”

मिस्त्रींची छाती फुगली.

“आमच्या घरात खोटं चालतच नाही मुळी,” बायको ताठ मानेने म्हणाली.

मिस्त्रींनी वळून पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. ओठांवर आलेलं ‘एकशे बत्तीस’ त्यांनी गिळून टाकलं.