मदनभाऊच्या फियाटचा कार्बोरेटर

बॉनेट उघडून मी तासभर उभा होतो आणि मला माझ्याच बापाचं काम कळत नव्हतं.

गाडी मदनसिंग राठोडांची, सहासष्ट सालची फियाट. मेडशीजवळच्या त्यांच्या तांड्यावर टिनाच्या शेडमध्ये ती असते. चाळीस वर्षं ती माझ्या बाबांनी, ग्यानबा मिस्त्रींनी, चालती ठेवली. बाबा गेले, त्याला सहा वर्षं झाली; तेव्हापासून मी बघतो. आता तिला नागपूरच्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात न्यायचं होतं. त्यासाठी आठ दिवसांपूर्वी तिथला एक साहेब पाहणीला आला. बॉनेटमध्ये टॉर्च मारून म्हणाला, "हा कार्बोरेटर या गाडीचा नाहीच. वायरिंगही नाही. जुन्या मिस्त्र्यांचं हेच असतं. ओरिजिनल माल काढून विकायचा आणि भंगार बसवायचं. आता मूळचं काय उरलंय, त्याची यादी घेऊन या."

मी समोरच होतो. मदनभाऊ बाबांसाठी दोन शब्द बोलतील असं वाटलं. ते शेडच्या पत्र्याकडे बघत राहिले. त्या गप्प बसण्यानं माझा आठ दिवस जीव जळत होता.

म्हणून आज खडू घेऊन आलो होतो. मूळ पार्टावर पांढरी खूण, नंतरच्यावर पिवळी. थोड्याच वेळात हात पिवळे झाले आणि पांढरा खडू जवळजवळ होता तसाच राहिला. कार्बोरेटरवर दुसऱ्याच गाडीचा नंबर. आतला पेट्रोल सोडणारा जेट काढला, तर तो फवारणी पंपाच्या नोझलपासून घासून केलेला. दिव्यांची वायर विहिरीवरच्या मोटारीची. मूळची एकच वायर सापडली, हॉर्नची: वरून तपकिरी कापडाचं वेष्टण, त्यात एक निळा धागा.

मग बाकीचं गेलं कुठं? बाबा कुणाच्या गाडीतला साधा बोल्ट घरी आणत नसत. जुना पार्ट त्याच गाडीच्या जुन्या वायरीनं बांधायचा, तीन गाठी मारायच्या आणि मालकाघरी द्यायचा, ही त्यांची रीत. शेडमध्ये माझ्याजवळच उभे असलेले मदनभाऊ तर म्हणत होते, मला काही दिलं नाही. दोघांपैकी कुणी खोटं असेल हे मला पटत नव्हतं, आणि दोघंही खरे कसे असतील हे डोक्यात शिरत नव्हतं.

"मदनभाऊ, नीट आठवा न. जुना कार्बेटर बाबानं तुमच्या हातात नाही देल्ला?"

"नाही देल्ला, धम्म्या. मी कायले खोटं बोलू? अन् त्यानं इकला, असं मी कुठं म्हनलं?"

"इकला नाही, असं तरी कुठं म्हनलं?"

मी हातातला बाबांचा पाना गाडीच्या बंपरवर असा आपटला की आडोशाला बसलेली कोंबडी ओरडत बाहेर पळाली.

तेवढ्यात नानीबाई आल्या, मदनभाऊंची म्हातारी आई. तांड्यातले सगळे त्यांना याडी, म्हणजे आई, म्हणतात, मीही म्हणतो. गाडी गावाबाहेर निघायची असली की याडी शेडच्या कोनाड्यातल्या देवाला शेंदूर लावते. देव म्हणजे नारळाएवढा शेंदरी गोळा. मी बौद्ध माणूस, त्याला कधी हात जोडले नाहीत आणि याडीनं कधी जोडायला सांगितलं नाही. उलट सहा वर्षं त्याच कोनाड्याखाली भिंतीला पाठ टेकून मी डबा खात आलोय.

जुना शेंदूर फुगला होता. याडीनं बोट लावलं तशी एक जाड खपली सुटून माझ्या पायाशी पडली. खाली दगड नव्हता. खाली तपकिरी कापडी वायर होती, तिच्यात निळा धागा. मी गाठी मोजल्या. तीन होत्या.

"याडी, हे काय हाये?" मी विचारलं.

"गाडीचा देव हाये."

"पन हा आला कुठून?"

"तुह्या बापानंच तं देल्ला. मदन तवा कामरगावले गेलता. ग्यानबा म्हने, याडी, हे तुमच्या गाडीचं काळीज हाये. चीर पडली म्हनून काढलं, जपून ठेवजा. मंग मी जपलं. काळीज का पेटीत टाकून ठेवते कोनी?"

"मंग आजवर सांगतलं काहून नाही?" मदनभाऊ ओरडले.

"मले इचारलं कोनी?"

मदनभाऊंनी पेचकस उचलला. "सरक, याडी. कार्बेटर खरडून काढतो. साहेबाले दाखवू."

याडी कोनाड्यासमोर आडवी उभी राहिली. मीही मधे हात घातला. "राहू द्या, भाऊ. यादीत नसला तं नसला. फक्त साहेबाले फोन लावा अन् सांगा, ग्यानबानं इकला नाही."

मदनभाऊंनी फोन लावला. आधी दबक्या आवाजात बोलत होते, मग आवाज चढला. ग्यानबा मिस्त्री हे नाव त्यांनी चार वेळा घेतलं. प्रत्येक वेळी मला रडू येत होतं.

ते बोलत होते तेव्हा मी कोनाड्यापुढे उभा राहिलो आणि हात जोडले. याडीनं शेंदराचं बोट माझ्या कपाळापर्यंत आणलं, माझ्याकडे बघितलं आणि थांबली. मग ते बोट तिनं माझ्या हातातल्या बाबांच्या पान्याला लावलं.