बिज्याचा होकार

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या सालची गोष्ट. हरबाजीबुवांनी भर कीर्तनात शब्द दिला, आणि कीर्तनात दिलेला शब्द थेट देवाच्या कानात पडतो. तो काही परत मागता येत नाही.

झालं होतं असं, की गावच्या विठ्ठलमंदिराच्या मंडपाचं आढं वादळात मोडलं होतं. टाळकरी उन्हात आणि श्रोते सावली शोधत पारापलीकडे. देवस्थानचे पंच मारोतराव हसत म्हणाले, "बुवा, देव तुमाले गळा गोड देते, पन आढं काही देत नाई." बुवांना ते झोंबलं. म्हणाले, "आढं आणीन तवाच या गावात चिपळ्या हाती धरीन." बोलून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या त्यांचा गळा खाजायला लागला.

कळंबच्या पलीकडे डोंगरात लेतू नाईकाचा पोड होता. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. पोडाच्या अंगाला बिज्याचा एक वृक्ष उभा होता, सरळ, जणू आढं व्हायलाच जन्मलेला. जंगलखात्याच्या हातोड्याचा ठसा त्याच्यावर पडलेला, म्हणजे तोडायला मोकळीक. बुवा गाडी आणि कुऱ्हाड घेऊन पोचले.

"सरकारनं हो म्हटलं," लेतू नाईक म्हणाला. "झाडानं म्हटलं काय?"

"झाड कसं म्हनन, नाईक?"

"इचारलं तं म्हनते. न इचारता कोनी बोलते काय?"

बुवा तर आयुष्यभर न विचारताच बोलत आले होते.

रीत सोपी होती. दिवस बुडताना बुंध्याशी तांदळाची ढिगुली ठेवायची, हात जोडून मागणं सांगायचं. सकाळी ढिगुली जशीच्या तशी असली तर होकार, विस्कटली तर नकार. बुवांनी ठेवली. सकाळी विस्कटली.

"मुंग्यांनी नेले तांदूळ," बुवा म्हणाले.

"हाव, मुंग्याच सांगतात," नाईकाची म्हातारी आई जमनी म्हणाली. "झाडाले हात कुठी हायत? तुमी त्याले काय म्हटलं?"

"म्हटलं, तुले तोडून न्याचं हाय."

"असं म्हनते काय कोनी? सोयरीक कराले गेल्यावर पोरीच्या बापाले म्हनता काय, गाडी भाईर उभी हाय, पोरगी द्या? बसा जराक. दोन गोठी बोला."

आता दोन गोष्टी बोलायच्या म्हटल्यावर कीर्तनकार काय करणार? चिपळ्यांची बंदी गावापुरती होती, हे तर रान. दिवस कलला तसे बुवा बिज्यापुढं उभे राहिले आणि त्यांनी पूर्वरंग लावला. पोडातली माणसं कामं टाकून येऊन बसली. आख्यान रंगलं, बुवांचे डोळे भरले, बिज्यानं एक पान टाकलं. बुवांनी ते पगडीत खोवलं. शेवटी सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावताना बिज्यालाही लावला.

सकाळी तांदूळ विस्कटलेले.

मग हे रोजचंच झालं. गाडीवान कंटाळून गावी परतला. बुवा मात्र टवटवीत. असा श्रोता त्यांना उभ्या जन्मात लाभला नव्हता. जांभई देत नाही, बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून उठत नाही, प्रसाद किती वाजता म्हणून विचारत नाही. सकाळी विस्कटलेले तांदूळ पाहून बुवा "अरेरे" म्हणायचे, आणि ते अरेरे दिवसागणिक गोड होत गेलं.

होळी झाली आणि एका सकाळी ढिगुली जशीच्या तशी. एक मुंगीसुद्धा फिरकलेली नव्हती.

"इरघळलं बिचारं," लेतू नाईक म्हणाला. "तुमच्या गान्यानं."

बुवांनी ढिगुली पुन्हा एकदा वाकून पाहिली. "आजच्या दिवस पुन्हा इचारू."

"काहून? झाड खोटं बोलून राह्यलं काय?"

"तसं नाई. पन मलेच आता नोको वाटते."

"वा रे बुवा," जमनी म्हणाली. "इतके दिवस मनवलं, आन् हो म्हटल्यावर मांडवातून उठता? पोरीचं नाव खराब होते. नकार आयकला तसा होकारही आयका."

पहिला घाव मागणाऱ्यानंच घालायचा, ही पोडाची रीत. बुवांनी झाडाला मिठी मारली, कुठं जायचं ते सांगितलं. खाली टाळ वाजतील, वर तू असशील. मग डोळे मिटून घाव घातला. सालीतून लालभडक चीक ओघळला. बुवा रडतच उपरण्यानं तो पुसू लागले.

"बिजा हाय, असाच वाह्यते," जमनी म्हणाली. "रडा, पन कुऱ्हाड सोडू नोका. आन् बुडापासी तिरपं तोडा. पानी साचलं तं मुळ्या सडतात."

झाड पडलं. जमनीनं बुडाशी उरलेल्या ठुटावर ओली माती लिंपली. गावाहून गाडी आली, खोड चढवलं, बुवाही चढू लागले, तसं नाईकानं मागून त्यांचं उपरणं धरलं.

"तुमी कुठी चालले? ज्यानं घेतलं त्यानं राखाचं. आता फुटवे येतीन, थे बकऱ्या खातीन. फुटवा तुमच्या छातीपर्यंत आला का मंग जा."

"आन् तवापर्यंत?"

"बकऱ्या हाकला."

आढं गेलं, बुवा शब्द देऊन राहिले. हनुमान जयंती तोंडावर आली तसे मारोतराव स्वतः गाडी जुंपून आले. पाहतात तो बुवा कमरेला उपरणं बांधून, हातात काठी घेऊन एका काळ्या बकरीशी वाद घालत होते.

"चला बुवा. आढं चढलं, मंडप झाला, उद्या सप्ताह बसते. तुमचा शब्द पुरा झाला."

मंडप, टाळ, भरलेली बैठक सगळं बुवांच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांनी फुटव्यांकडं पाहिलं. जेमतेम वीतभर.

"एक झाला, राव. दुसरा वीतभरच झालाय."

"दुसरा कोनाले देल्ला?"

बुवांनी ठुटाकडं काठी केली.

मारोतरावांनी कपाळाला हात लावला. "लोक म्हनतीन, कोलामांनी बुवा धरून ठेवला."

"सांगा, बकऱ्यांनी ठेवला."

"नाईक, तुमीच सांगा याईले. सप्ताहाले बुवा नसन तं आढं काय चाटाचं हाय आमी?"

लेतू नाईक मारोतरावांकडं वळून म्हणाला, "ज्यानं घेतलं त्यानं राखाचं. पन आढं तं गावानं घेतलं. गावचा पंच कोन हाय?"

थोड्या वेळानं बुवा गाडीत होते आणि मारोतराव ठुटाजवळ. धोतर खोचलेलं, काठी हातात, शेजारी जमनीनं आणून ठेवलेली भाकर. मारोतराव खाली वाकून फुटव्यांना निरखत होते, तेवढ्यात काळी बकरी आली. ते बिचकून म्हणाले, "सरक, बाई."

"बाई म्हनून नाई आयकत थे," जमनी म्हणाली. "तिले आडवे व्हा."

"बुवा, सप्ताह झाल्याबरोबर येता ना?" मारोतराव आडवे होत ओरडले.

"येतो. शब्द..."

"शब्द नोका देऊ, बुवा," मारोतराव घाईघाईनं म्हणाले. "नुसते या."