मंगळवारचा वास

मी एक जुनी हवानळी आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. आज मी शेरअलीच्या अंगणात मेंढ्यांच्या गोठ्यापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आडवी पडले आहे आणि माझ्या पिवळ्या अंगावर कोंबड्या खुशाल बसतात, हे खरं. पण एके काळी एका अख्ख्या डोंगराला मी श्वास पुरवला आहे. ही गोष्ट मी थोडी मिरवूनच सांगणार, कारण ती मिरवण्यासारखीच आहे.

माझा जन्म दूरच्या सपाट मुलखातल्या एका कारखान्यात झाला. जाड, चिवट कापडाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा लेप दिला, त्याची माणूस वाकून आत शिरेल एवढी रुंद नळी केली आणि तिच्या अंगात पोलादी तारेचं वेटोळं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. ती तार म्हणजे माझा कणा. नुसत्या कापडाच्या नळ्याही असतात. पंखा चालू असेपर्यंत त्या ऐटीत फुगतात आणि पंखा थांबला की मरगळून लोंबतात. माझं तसं नाही. वारा असो नसो, मी गोल ती गोलच. वळवलं तर वळते, दाबलं तर दबते आणि सोडलं की पुन्हा आपल्या आकाराला येते. कारखान्यातून निघताना मला लोहाराच्या भात्यासारखी घडी घालून ट्रकवर टाकलं. चढ सुरू झाला, थंडी वाजू लागली, तेव्हा कळलं की आपण डोंगरात आलो.

आमच्या डोंगरातली खिंड हिवाळ्यात बर्फानं बंद होते. मग पलीकडचं खोरं जगापासून तुटतं. तिथे कुणी आजारी पडलं, एखादी बाई अडली, तरी दवाखाना खिंडीच्या अलीकडे आणि माणसं पलीकडे. म्हणून खिंडीखालून बोगदा खणायचं ठरलं होतं. बोगद्याच्या तोंडाबाहेर एक भला मोठा पंखा बसवला होता. तो बाहेरची स्वच्छ हवा ओढून माझ्यात ढकलायचा आणि मी ती डोंगराच्या पोटात, जिथे माणसं खडक फोडत असत, तिथपर्यंत न्यायची. सुरुंग उडाला की डोळे झोंबणारा धूर कोंडायचा. तो हुसकून लावायचं कामही माझंच. बोगदा जसजसा पुढे सरके, तसतशी मलाही नवनवे तुकडे जोडून पुढे नेत.

हे जोडण्याचं काम तालायकडे होतं. तालाय हा कमी बोलणारा, लांब बोटांचा माणूस. त्याची आई लोकरीच्या जाड नमद्यांचे गोल तंबू शिवायची, त्यामुळे सुई त्याच्या हातात लहानपणापासून होती. तो मला भिंतीच्या कोपऱ्यात, छताला आधार देणाऱ्या पोलादी कमानींना खेटून, ताणून टांगायचा. कुठे झोळ पडलेला त्याला खपत नसे. बाकीची माणसं मात्र माझ्यावर कोट टांगायची, मला काठीनं ढोसायची. तालाय दिसला की कोट काढून घ्यायची.

सगळ्यांत वाह्यात होता तो शेरअली. टोळीचा मुकादम, आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून धारदार. त्याच्या तोंडाला एकच माणूस पुरून उरायचं, ते म्हणजे त्याची बायको बुबुसारा. कामावरच्या सगळ्यांचा स्वयंपाक तीच बघायची. या शेरअलीनं काय करावं? चहा पिताना गार वारा लागावा म्हणून सुरी काढली आणि माझ्या कुशीला चांगली हातभर चीर दिली. मग खाली बसून, वारा खात, चहाचे घोट घेत बसला.

तालायनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“दादा, तुम्ही इथे वारा खाता आणि तिकडे पुढच्या माणसाला तेवढा श्वास कमी पडतो,” तो म्हणाला.

“एवढा जीव आहे तर निकाह लाव हिच्याशी,” शेरअली म्हणाला. “साक्षीदार म्हणून मी उभा राहतो.”

सगळे हसले. तालाय हसला नाही. त्यानं जाड सुई आणि मेण लावलेला दोरा आणला, चिरेवर कापडाचं ठिगळ ठेवलं आणि तंबूच्या नमद्याला घालतात तसे दुहेरी टाके घातले. वर चिकटपट्टी दाबून बसवली. शिवताना तो काहीतरी पुटपुटत होता. ते तुम्हा मुलांना सांगण्यासारखं नाही. पण टाके असे घट्ट घातले की कारखान्यातली शिवण त्यापुढे ओशाळावी.

पुढे हिवाळा आला. हिमकडा कोसळून विजेचे खांब वाहून गेले आणि सगळं काम एका जुन्या जनरेटरवर येऊन पडलं. एका मंगळवारी सकाळी शेरअली, तालाय आणि ओमुर्बेक नावाचा सुरुंगवाला असे तिघे मला नवा तुकडा जोडायला अगदी आतल्या टोकाशी गेले होते. त्यांच्या मागे, बोगद्याच्या मधोमध, छत खाली आलं.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. दगडांचा ढीग माझ्या पाठीवर बसला. मी नुसतं कापड असते तर तिथेच संपले असते. पण एक पोलादी कमान वाकून भिंतीला टेकली आणि तिच्याखाली थोडी फट राहिली. तालायनं मला कमानीला खेटून टांगलं होतं, म्हणून मी त्या फटीत सापडले. माझी तार वाकली, चेपली, पण तुटली नाही. जिथे सर्वांत जास्त ताण आला, तिथेच नेमकं ते ठिगळ होतं. त्याचा एकही टाका सुटला नाही. हाताच्या पंजाएवढी वाट माझ्यात उरली आणि तेवढ्यातून हवा पलीकडे जात राहिली.

बाहेर धावपळ उडाली. मुख्य इंजिनिअर जानिबेक हा भला माणूस, माणसांच्या जिवासाठी धडपडणारा. त्यानं ढिगाऱ्याला कान लावून हाका मारल्या. उत्तर आलं नाही. ढिगारा उपसायचं यंत्र आणलं, पण जनरेटरला पंखा आणि यंत्र दोन्ही पेलवेनात. दिवे मिणमिणू लागले. मी ढिगाऱ्यात शिरते तिथे त्यानं वाकून पाहिलं. एवढ्या दगडांखाली नळी सपाट झाली असणार, असं त्याला वाटलं. त्याच्या जागी कुणालाही तसंच वाटलं असतं.

“हवा पलीकडे जातच नाही,” तो जड आवाजात म्हणाला. “पंखा बंद करू आणि यंत्र चालवू. दुसरा इलाज नाही.”

मित्रांनो, माझं एक तोंड बाहेर होतं आणि दुसरं आत. तिघेही जिवंत आहेत हे या जगात फक्त मला ठाऊक होतं. ओमुर्बेकचा पाय दुखावला होता, बाकी दोघे धड होते. त्यांनी माझ्या तोंडाशी येऊन किती हाका मारल्या. पण समोरून येणारा वारा आणि पंख्याची घरघर यांत त्या विरून गेल्या. शेवटी ते दमून भिंतीला टेकून बसले. हवा पुरत होती, पण जेमतेम. डोळ्यांवर झापड येत होती. पंखा बंद झाला की त्या झोपेतून ते उठणार नाहीत, हे मला कळत होतं. आणि मला बोलता येत नाही. जन्मात पहिल्यांदाच मला त्याचं दुःख झालं.

यंत्र पुन्हा जोडून होईपर्यंत पंखा चालूच होता. तेवढ्यात इकडे बुबुसारानं मोठी कढई उचलली आणि पंख्याच्या आडोशाला चूल पेटवली. तिथे वारा लागत नाही म्हणून. पंख्याजवळ विस्तव नको, हा तिथला पहिला नियम. एरवी जानिबेकनं आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी तिला हटकायचा धीर कुणाला झाला नाही.

आमच्याकडे रीत आहे. गुरुवारी किंवा शुक्रवारी चरबी तापवून बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळायचे. तो वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो आणि ती तृप्त होतात. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर मात्र वार पाहत नाहीत. तिनं कढईत पहिला घाणा सोडला तेव्हा एक म्हातारी डोळे पुसत तिला म्हणाली, की अगं, आज तर मंगळवार, एवढ्यात त्यांची आशा सोडलीस का. बुबुसारानं झारा खाली ठेवला नाही. ती म्हणाली की हा वास आपण मामंजींना धाडतो आहोत. मोठे हट्टी होते ते. लेकाला वर येताना पाहतील तर कॉलर धरून परत खाली ढकलतील.

आता पुढचं ऐका. पंख्यानं हवा ओढली आणि हवेबरोबर तो वासही. खमंग, गरम, चरबीत तळलेल्या पिठाचा वास. तो माझ्यातून गेला, ढिगाऱ्याखालच्या पंजाएवढ्या वाटेतून गेला आणि आत पेंगत बसलेल्या तिघांच्या नाकात शिरला.

शेरअलीनं डोळे उघडले. “तालाय, वास येतोय?”

“बोरसोक,” तालाय म्हणाला.

“आज वार कोणता?”

“मंगळवार.”

मंगळवारी बोरसोक तळायला घरात कोण गेलं, याचा शेरअली विचार करू लागला. उत्तर एकच निघत होतं. मग तो जो उठला, तो चवताळूनच. झोप, थकवा, भीती, सगळं पळालं. माझ्या तोंडात डोकं घालून त्यानं बायकोच्या नावानं जो सूर लावला, तो थांबेचना. तालायनं त्याला आवरायचा प्रयत्न केला, पण ऐकतो कोण.

आणि नेमक्या त्याच वेळी, इकडे, जानिबेकनं मान खाली घालून पंख्याचा खटका ओढला.

घरघर थांबली. सगळीकडे शांतता पसरली. कढईतली चरबी तेवढी चुरचुरत होती. आणि माझ्या तोंडातून, थेट चुलीशेजारी, आवाज आला.

“बुबू, मी जिवंत असताना माझ्या नावानं तळायला बसलीस होय गं? एवढी घाई झाली तुला?”

बुबुसाराच्या हातातला झारा तसाच राहिला. बाया-माणसं जागच्या जागी खिळली. तिनं पदरासारखा डोक्याचा रुमाल मागे सारला, पंख्याला वळसा घालून आली आणि माझ्या कापडाला तोंड लावून म्हणाली:

“मेलेल्यांना वास पुरतो. तुम्हाला खायला हवेत का?”

आतून तिघांचं हसणं आलं. बाहेर माणसं रडत होती, हसत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. जानिबेकनं स्वतःच्या हातानं पंखा पुन्हा सुरू केला आणि यंत्राची वायर उपटून टाकली. पंखा चालायचा तर यंत्र चालणार नव्हतं. मग उपसायचं कसं? अलीकडच्या साऱ्या गावाला निरोप गेला आणि माणसं फावडी, घमेली, घोडे घेऊन आली. अडलेल्याच्या कामाला सगळ्यांनी बिनमोल हात लावायचा, याला आमच्याकडे अशार म्हणतात. घर बांधताना लोक अशारला येतात. त्या दिवशी डोंगर उपसायला आले.

बुबुसारानं मधल्या वेळात आपला डोक्याचा रुमाल सोडला, त्यात बोरसोक गुंडाळून लांबट पुरचुंडी बांधली आणि एक टोक शेपटासारखं मोकळं ठेवलं. पंखा पळभर थांबवून ती माझ्या तोंडात ठेवली. वारा सुटला, शेपूट फडफडलं आणि पुरचुंडी घरंगळत निघाली. चेपलेल्या जागी येऊन ती अडली. मी माझ्या तारेला जेवढं ताणता येईल तेवढं ताणलं, मित्रांनो. मागून वाऱ्यानं रेटा दिला आणि ती सुटली. थोड्या वेळानं पंखा थांबवून सगळ्यांनी कान दिले.

“मीठ कमी आहे,” आतून शेरअलीचा आवाज आला.

बुबुसारा तेव्हा पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाट मोकळी झाली. आधी ओमुर्बेकला बाहेर आणलं, मग तालाय आला. शेरअली शेवटी आला आणि मध्येच ढिगाऱ्यापाशी थांबला. माझी चेपलेली कूस उघडी पडली होती. त्यानं ठिगळ पाहिलं, ओळखलं, टाक्यांवरून बोट फिरवलं. ही त्याच्याच सुरीची चीर होती.

“तालाय,” तो म्हणाला, “ते निकाहाचं राहू दे. आजपासून ही माझी बहीण.”

बाहेर बायकोसमोर मात्र तो पुन्हा चढ्या आवाजात जाब विचारू लागला. तिनं एवढंच सांगितलं की वास मामंजींना धाडला होता, तुम्ही मध्येच कशाला घेतलात.

त्यानंतर माझ्या अंगावर कुणी कोट टांगला नाही. वसंत आला, वीज आली, काम झपाट्यानं पुढे गेलं. आणि एक दिवस शेवटचा सुरुंग उडाला. धूर हुसकायला मी तयार होते, पण पंखा सुरू करायची वेळच आली नाही. पलीकडच्या खोऱ्यातला वारा आपणहून आत आला, बोगद्यातून वाहत अलीकडे निघाला आणि माझ्यातूनही उलटा वाहत गेला. त्याला ओल्या गवताचा वास होता. माणसांनी टोप्या उडवल्या, पलीकडून घोड्यांवर बसून माणसं आली. जानिबेक माझ्याजवळ उभा राहून लहान मुलासारखा नाचला. माझी गरज संपली तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस होता. पुढच्याच हिवाळ्यात पलीकडची एक अडलेली बाई मोटारीतून बोगदा ओलांडून दवाखान्यात पोचली. तिला मुलगी झाली.

मला सोडवून सामानाच्या छपरामागे टाकलं. वर पाऊस, आत उंदीर. भंगारवाला येऊन मला चाचपून गेला. पण दुसऱ्याच दिवशी शेरअली गाडी घेऊन आला. बहिणीला भंगारात देणारा मी नव्हे, असं म्हणाला आणि ठिगळासकट माझा तेवढा तुकडा घरी घेऊन आला. तालाय अजून दर वसंतात येतो, मला तपासतो, एखादा टाका सैल झाला असेल तर घट्ट करतो.

मित्रांनो, जी वस्तू मुकाट्यानं तुमचं काम करते, तिच्याकडे अधूनमधून पाहत जा. तिच्यावर ओझी टांगू नका. कुठे चीर दिसली तर ती आजच शिवा. तिच्या पलीकडच्या टोकाला कोण बसलेलं आहे, हे तुम्हाला दिसत नसतं. कदाचित तुम्हीच असाल.

शेरअलीला आता कमी ऐकू येतं. तो दिवसभर मेंढ्यांत असतो आणि बुबुसारा स्वयंपाकघरात. बोरसोक तळून झाले की ती खिडकीतून माझ्या तोंडाशी वाकून त्याला हाक मारते. पण त्याआधीच वास घेऊन तो हात धुवायला निघालेला असतो. आजही तिनं कढई चढवली आहे, आणि आज मंगळवार आहे.