ताइनानकडून येणारी जोडणी

दुपारचे सव्वादोन वाजले, तरी ताइनानच्या कारखान्याचा चाचणी-अहवाल शिनचूच्या मुख्य कचेरीत आला नव्हता. तीनच्या आत तो काओशुंग बंदराला पोचला नाही, तर जहाज मालाचा कंटेनर धक्क्यावरच सोडून जाणार होते. आणि सकाळीच, कंपनीची मेल सांभाळणाऱ्या त्साय मेइचिनने तिचे वरिष्ठ शू साहेब यांना छातीठोकपणे सांगितले होते, मेलची जुनी वाट बंद करा, नवी तयार आहे.

शिनचूचे मेल सर्व्हर एका गटात, ताइनानचे दुसऱ्या. दोन गटांमधली प्रत्येक जोडणी एकाच दिशेने चालते, म्हणून दोन लागतात. जाणारी इथून बांधायची, येणारी तिकडून. इथली मेइचिनने बांधली होती. तिकडची बोहोंगने. पाच वर्षे तिच्या हाताखाली शिकून तो ताइनानला गेला होता.

तिची मेल तिकडे क्षणात पोचत होती. तिकडून काहीच येत नव्हते. शू साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. हातातल्या चहाच्या थर्मासचे झाकण उघडत-लावत राहिले.

मेइचिनने फोन लावला. जोडणी केली आहे, असे बोहोंग शपथेवर सांगत होता. तिने त्याला एकेक ओळ वाचायला लावली. नाव बरोबर, पत्ता बरोबर. मग तिने विचारले, जोडणीचे तुझ्याकडचे टोक कोणत्या सर्व्हरवर ठेवलेस? नव्यावर, तो म्हणाला.

"अरे, पण कारखान्याबाहेर जायची परवानगी फक्त जुन्याला आहे ना?"

बोहोंग उठून जुन्या सर्व्हरपाशी गेल्याचे फोनवर ऐकू आले.

"ताई, जुन्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवलीय."

जे मशीन शहाण्या बाळासारखे चालते, ते तसेच चालत राहावे म्हणून त्याच्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवायची आणि मग त्याला हात लावायचा नाही, अशी संगणकवाल्यांची श्रद्धा. हा धडा बोहोंगला मेइचिननेच दिला होता.

"आता लाव हात."

"बंद पडलं तर? साऱ्या कारखान्याची मेल आहे त्यात. तुम्हीच तर म्हणायचा..."

"म्हणायचे. पण अर्धंच शिकवलं तुला. कारण नसताना हात लावू नये, असं म्हणायला हवं होतं. आज कारण आहे. घाई करू नकोस, एकेक पायरी मला सांगत जा."

त्याने टोक जुन्या सर्व्हरवर आणले. मेलची सेवा थांबवली. पुन्हा सुरू केली. दोन एक्केचाळीस. दोन त्रेचाळीस. झाकणाचा आवाज थांबला होता.

मग एकदम त्रेसष्ट मेल आल्या. अहवाल सतराव्या जागी होता. तिने तो बंदराला धाडला आणि आठ मिनिटांनी तिथल्या कारकुनाचे उत्तर आले: मिळाला, कंटेनर चढवतोय.

शू साहेबांनी श्वास सोडला. "त्या ताइनानच्या पोराला जाब विचारायला हवा."

"मला विचारा साहेब," मेइचिन म्हणाली. "त्यानं मी शिकवलं तसंच केलं."

शू साहेबांनी थर्मासचे झाकण घट्ट लावले. मग संध्याकाळपर्यंत हे लेखी द्या, असे सांगून निघून गेले. मेइचिनने कोरा कागद ओढला आणि पहिल्या ओळीत स्वतःचे नाव लिहिले.